आजी, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?

निपाणीहून चिक्कोडीला निघालेल्या सकाळच्या बसमध्ये खिडकीशी बसलेल्या या आजींच्या मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी आहे. तिच्यात आधारकार्ड, रेशनकार्ड, औषधांच्या दोन चिठ्ठ्या आणि मुलाला करून दिलेल्या घराच्या बक्षीसपत्राची झेरॉक्स आहे. शेजारी बसलेला तरुण त्यांचा नातू नाही आणि वकीलही नाही; तो त्यांचा अर्ज मांडायला मदत करणारा स्वयंसेवक आहे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार, स्वतःच्या कमाईवर भागत नसलेल्या आई-वडिलांना प्रांतांच्या न्यायाधिकरणापुढे मुलांकडे निर्वाहखर्च मागता येतो. काही उच्च न्यायालयांनी वकिलांच्या बाजूने निर्णय दिले असले, तरी कायद्याचे १७ वे कलम त्यांना येथे उभे राहण्यास मज्जाव करते. ज्यांना स्वतः अर्ज करणे जमत नाही, त्यांच्या वतीने त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. बाजू मांडण्यासाठी कायद्याने निर्वाह अधिकाऱ्याचीही तरतूद केली आहे. पण क्षेत्रफळाने कर्नाटकात सर्वांत मोठ्या असलेल्या या बेळगाव जिल्ह्यात तो कुठे कुठे पुरणार?

ही निपाणीतील शाळेची खोली आहे आणि येथे दर आठवड्याला स्वयंसेवकांचा सराव चालतो. निवृत्त शिक्षक, विडी कामगारांच्या मुली आणि कायद्याचे विद्यार्थी एकही रुपया न घेता हे काम करतात. एक जण प्रांत होऊन खुर्चीत बसतो आणि विचारतो, ‘आजी, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?’ आजी स्वतःच्या लग्नापासून सुरुवात करतात. त्यांना कोणी अडवत नाही. सगळे ऐकून झाल्यावर त्यातली तीन वाक्ये निवडली जातात: खर्च किती, उत्पन्न किती, मुलगा काय देतो. आजींचे चौथे वाक्यही त्यांच्या आग्रहाखातर ठेवले आहे: ‘पोरगा वाईट न्हाई माझा, पर औषधाला पैसं लागत्यात.’ कोणत्याही वकिलाने हे वाक्य खोडले असते.

कचेरीचे कामकाज कन्नडमध्ये चालते. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार तक्रारीचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते, म्हणजे मराठीतही. मात्र तारखा वाया जाऊ नयेत म्हणून स्वयंसेवक अर्ज कन्नडमध्ये लिहितात आणि मराठी प्रत सोबत जोडतात. नंतर कन्नड अर्जाची ओळ न् ओळ आजींना मराठीत वाचून दाखवली जाते, आणि जे वाक्य त्या ‘असं मी म्हटलं न्हवतं’ म्हणून नाकारतात, ते पुन्हा लिहिले जाते. या अर्जात अशी दोन वाक्ये बदलली. शेवटी अंगठा. वर्षानुवर्षे विड्या वळून बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, त्यामुळे शाई लावून अंगठा तीनदा दाबावा लागतो आणि तिसऱ्या वेळीही ठसा अर्धाच उमटतो.

प्रशिक्षणातला सर्वांत अवघड धडा नकार देण्याचा आहे. बक्षीसपत्र याच कायद्याच्या २३ व्या कलमाखाली रद्द होऊ शकते, पण देणाऱ्याचा सांभाळ करण्याची अट असेल तरच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. आजींच्या कागदावर तशी ओळ नाही. तरुणाने हे त्यांना बसस्टँडवरच सांगून टाकले. त्या बराच वेळ झेरॉक्सकडे पाहत राहिल्या.

प्रांतांच्या दालनात चित्रीकरणास परवानगी नव्हती, त्यामुळे आमचा कॅमेरा पायरीवरच थांबला. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो आणि महिन्याला १० हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम मंजूर होत नाही. आजींना ४ हजार मिळाले. घर मुलाच्याच नावावर राहिले.

पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत, त्याच खुर्चीसमोर एक आजोबा बसले आहेत. ‘आजोबा, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?’ या प्रश्नावर त्यांनी १९७२ च्या दुष्काळापासून सुरुवात केली आहे, आणि तरुणाने वहीचे नवे पान उघडले आहे.