मागे राहणारी लाट

(गंगापूर धरणाचा काठ. पहाट. गाडीमागे ट्रेलर, त्यावर सोळा फुटी फायबरची बोट.)

पाण्यात उतरायचा रॅम्प एकच, आणि मागे दोन गाड्या उभ्या. पट्टे सोडणं, सामान चढवणं, बॅटरी जोडणं, लाइफ जॅकेटं मोजणं ही सगळी कामं वर पार्किंगमध्येच उरकायची. रॅम्पवर गाडी न्यायची ती फक्त बोट उतरवायला. तयारीनिशी आलेल्या दोघांना पाच मिनिटं पुरतात. रॅम्पवर येऊन गाठी सोडत बसणाऱ्याला अर्धा तास लागतो आणि मागच्यांची सकाळ तिथेच संपते.

(जवळून: बोटीच्या मागच्या फळीत, अगदी तळाशी, अंगठ्याएवढं पितळी बूच.)

बोट ट्रेलरवर असताना आत साचलेलं पाणी निघून जावं म्हणून हे बूच काढून ठेवतात. परत लावायला विसरलं, की बोट धक्क्याला बांधलेली असतानाच मागून बसू लागते. आधी हाताने फिरवायचं, मग पान्याने जरासं आवळायचं. रबरी वॉशरला चीर दिसली तर तो तिथेच बदलायचा.

आणि ट्रेलर लांबून ओढत आणला असेल तर थोडं थांबायचं. चाकांचे बेअरिंग तापलेले असतात. ते तसेच गार पाण्यात बुडवले, की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी आत ओढलं जातं आणि ग्रीसची वाट लागते. दहा-पंधरा मिनिटं जातात. तेवढ्यात कागद पाहून घेऊ.

“लायसन्स आहे ना?” असा प्रश्न विचारला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच कार्ड येतं. खरं तर परवानगी तीन गोष्टींची लागते: बोटीची, चालवणाऱ्याची आणि पाण्याची.

बोटीला इंजिन असेल तर 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा लागू होतो. 1917 चा जुना कायदा त्याने रद्द केला. नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा या तिन्ही गोष्टी त्यात येतात. महाराष्ट्रात हे काम मेरीटाईम बोर्डाकडे आहे. नोंदणीचा दाखला आता देशभर चालतो, राज्य बदललं म्हणून नव्याने नोंदणी नको. पेट्रोल नाही, इलेक्ट्रिक मोटर आहे, म्हणून सुटका होत नाही. ढकलणारं यंत्र आलं की नियम आले. वल्ह्याच्या आणि बिनइंजिनाच्या बोटींसाठी त्याच कायद्यात वेगळं प्रकरण आहे.

चालवणाऱ्याकडे सक्षमतेचं प्रमाणपत्र हवं. गाडीचं लायसन्स इथे कामाचं नाही. गाडीला ब्रेक असतो, बोटीला नसतो, आणि बोट वळताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो.

पाणी तर आपलं नसतंच. गंगापूरचा जलाशय जलसंपदा विभागाचा, त्यांच्या परवानगीशिवाय तिथे खासगी बोट घालता येत नाही. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे वनविभागाचा शब्द चालतो. बोट नोंदलेली आहे म्हणून कुठल्याही धरणात घालता येईल हा गैरसमज सर्वात जास्त, आणि सर्वात महागात पडणाराही.

(इंजिन सुरू होतं. त्याच्या बगलेतून पाण्याची बारीक धार.)

ही धार म्हणजे इंजिन थंड होत असल्याची खूण. ती बारीक झाली किंवा थांबली तर पाणी आत घेणाऱ्या जाळीवर पाणवेल किंवा प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते. इंजिन बंद करायचं, वर उचलायचं, जाळी साफ करायची. पुढे रेटलं तर इंजिन जाम होतं.

इंजिनच्या स्विचला लावलेली लाल गुंडाळीदार दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला अडकवायची. तो पाण्यात पडला तर दोरी स्विचमधून सुटते आणि इंजिन बंद पडतं. नाहीतर रिकामी बोट गोल फिरत परत त्याच्याच अंगावर येते.

टू-स्ट्रोक इंजिन असेल तर ऑइल मिसळायचं काम काठावरच. नेहमीचं प्रमाण पन्नासाला एक, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला शंभर मिलिलिटर. इंजिनच्या पुस्तकात वेगळं दिलं असेल तर ते खरं. पाण्यावर डुलत्या बोटीत कॅन ओतायचा नाही. हेच पाणी नाशिकच्या नळांना जातं.

(वरून: बोटीमागे पसरत जाणारी व्ही आकाराची लाट. दूर थर्माकोलच्या तराफ्यावर एक मासेमार.)

आता मुख्य गोष्ट. बोट पुढे निघून जाते, तिची लाट मागे राहते, आणि त्रास त्या लाटेचा होतो. बोट अगदी हळू असते तेव्हा लाट लहान. पूर्ण वेगात ती पाण्यावर चढून सरकते, तेव्हाही लाट तुलनेने चपटी. सर्वात मोठी लाट उठते ती मधल्या वेगात, बोटीचं नाक वर आणि शेपटी खाली असताना. नेमका इथेच सभ्य माणूस चुकतो. समोर छोटी होडी दिसली की तो वेग अर्ध्यावर आणतो, आणि होता त्याहून मोठा हिसका तिला देऊन जातो. हळू करायचं तर पूर्ण करायचं आणि लवकर करायचं. शे-दीडशे मीटर अलीकडेच, नाक खाली येऊन बोट सपाट बसेपर्यंत. मात्र थ्रॉटल एकदम सोडायचा नाही. आपलीच लाट मागून येऊन मागच्या फळीवरून आत शिरते.

मासेमाराची जाळी बहुधा संध्याकाळी लागतात आणि पहाटे निघतात. म्हणजे आपण हौसेने उतरतो ती त्याच्या कामाची वेळ. पाण्यावर रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे एका ओळीत तरंगताना दिसले, की खाली जाळं आहे असं धरायचं. दोन बाटल्यांमधून “जाईल की” म्हणून घुसायचं नाही. टोकाला वळसा घालायचा. टोक कळत नसेल तर इंजिन न्यूट्रलला टाकून विचारायचं, “दादा, जाळं कुठवर आहे?” तो हाताने दाखवतो.

तरीही जाळं इंजिनच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) अडकलंच तर आधी इंजिन बंद, मग किल्ली काढून खिशात. इंजिन वर उचलून, पंखा उलटा फिरवत दोर उकलायचा. चाकू शेवटी. कापावं लागलं तर मालकाला गाठून सांगायचं आणि जाळ्याचे पैसे द्यायचे. गुपचूप निघून जाणाऱ्यामुळे पुढच्या प्रत्येक बोटीला शिव्या बसतात, आणि त्या वाजवी असतात.

रोइंग करणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी नाव वल्हवायच्या शर्यतीत, उतरला होता. त्या प्रकारची नाव साधारण आठ मीटर लांब, वजन जेमतेम चौदा किलो, आणि वल्हवणारा बसतो जायच्या दिशेकडे पाठ करून. समोरून येणारी बोट त्याला दिसत नाही. बाजूला व्हायचं ते आपण.

समोरासमोर आलेल्या दोन इंजिनबोटींनी आपापल्या उजवीकडे वळायचं. आडव्या वाटेत जिला दुसरी बोट उजव्या हाताला दिसते, तिने थांबायचं किंवा मागून जायचं. ओलांडणाऱ्याने नेहमीच लांबून जायचं. समुद्रासाठी 1972 साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतल्या या गोष्टी धरणातही तितक्याच उपयोगी. भोंगा एकदा छोटा म्हणजे “मी उजवीकडे वळतोय”, दोनदा म्हणजे डावीकडे, तीनदा म्हणजे इंजिन रिव्हर्समध्ये. पाच वेळा वाजला तर समोरचा म्हणतोय, “तुझं काय चाललंय ते कळत नाहीये.”

(दुपार. पश्चिमेला काळं आभाळ.)

मे महिन्यातलं धरण फसवं. पाणी उतरलेलं, बुडालेले बांध आणि खडक पंख्याच्या उंचीला आलेले, आणि दुपारनंतर वळवाचा वारा. मे 2024 मध्ये उजनीत अशाच वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. आभाळ दाटलं की काठ गाठायचा, आणि लाइफ जॅकेट अंगात हवं, सीटखाली नको. ते नीट बसलंय का, हे पाहायला दोन्ही हात वर करायला सांगून खांद्याचे पट्टे वर ओढायचे. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे.

कोणी पाण्यात पडलंच तर ज्या बाजूला पडलं त्याच बाजूला बोट वळवायची, म्हणजे पंखा त्याच्यापासून लांब जातो. मग वाऱ्याकडे तोंड करून हळू जवळ यायचं, शेवटच्या काही मीटरांत इंजिन बंद, आणि माणूस कडेने वर घ्यायचा, मागून नाही.

(परत रॅम्प. बोट ट्रेलरवर चढते.)

बोट बाहेर आली की लगेच पार्किंगमध्ये, रॅम्प मागच्याला मोकळा. बूच काढून पाणी निथळू द्यायचं आणि बूच गाडीच्या किल्लीला बांधून ठेवायचं. मग वाकून ट्रेलरच्या ॲक्सलखाली, रोलरच्या मागे, पंख्याच्या दांड्याभोवती हात फिरवायचा. तिथे अडकलेला पाणवेलीचा बोटभर हिरवा तुकडा पुढच्या रविवारी दुसऱ्या धरणात पोचला, तर तिथे रुजतो.