फोड ओला आहे तोवर

जननेंद्रियांचा हर्पिस म्हणजे लैंगिक संबंधांतून पसरणारा विषाणूचा संसर्ग. त्यात बऱ्याचदा फोडाआधीच चाहूल लागते. त्या जागी मुंग्या येतात, जळजळ होते, कधी मांडीत कळ जाते. मग लालसर त्वचेवर पाण्याने भरलेले बारीक फोड उठतात, तेही पुंजक्याने. ते फुटले की ओल्या जखमा उरतात आणि लघवी झोंबते. पहिल्या खेपेला ताप येतो, जांघेत अवधाणही येतं.

पण असं ठळक चित्र थोड्यांचंच. हर्पिस असलेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही, किंवा एखादी बारीक चीर, जराशी खाज. ब्लेड लागलं असेल, बुरशी असेल, असं म्हणून विषय संपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटात पाचातल्या एकाहून अधिक व्यक्तींना हा संसर्ग आहे.

नुसतं बघून डॉक्टरही चुकू शकतात. सिफिलिस या दुसऱ्या लैंगिक आजाराची जखमही इथेच होते. ती बहुधा दुखत नाही, एवढाच काय तो इशारा. पक्कं उत्तर देतो तो फोडातून घेतलेला स्वॅब, म्हणजे काडीने पुसून घेतलेला नमुना, आणि त्यावरची पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी. फोड ताजा असताना, शक्यतो पहिल्या दोन दिवसांत. खपली धरली की विषाणू सापडणं अवघड होतं. आणि माणसं नेमकी याच दिवसांत लाजून घरी बसतात, हाताला येईल ते मलम चोळतात! फोड आपसूक बरा होतो, दोन ते चार आठवड्यांत. विषाणू मात्र पाठीच्या कण्याच्या तळाशी, चेतापेशींच्या गाठींत दडून राहतो. पुन्हा उठला, तर पुन्हा संधी. तेव्हा तरी लगेच जा.

रक्त तपासून भागत नाही का? फोड नसेल तेव्हा रक्ततपासणीचा उपयोग होतो, पण ती ज्या अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) शोधते, त्या तयार व्हायला १२ आठवडे, कधी जास्तही लागतात. शिवाय हर्पिस विषाणूच्या दोन प्रकारांपैकी प्रकार १ आढळला, तर तो लहानपणी ओठावर आलेल्या फोडांचाही असू शकतो. ‘सगळ्या तपासण्या केल्या’ म्हणणाऱ्यांच्या यादीत हर्पिस बहुधा नसतोच. विचारून घ्यावं लागतं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात पहिला प्रश्न येतो, कुणाकडून? पहिला फोड आज दिसला म्हणजे संसर्ग आजचा, असं नाही. तो कित्येक वर्षांपूर्वीचाही असू शकतो. गोळ्यांनी विषाणू मुळासकट जात नाही, पण असायक्लोव्हिरसारखं औषध लवकर सुरू केलं तर त्रास आटोपता राहतो. गरोदर असाल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्वॅब देतानाच एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्तही देऊन टाका.