बॅटरी पावसाळ्यात मरते

(कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी बामणोली, तालुका जावळी, जिल्हा सातारा इथे मे महिन्याच्या अखेरीस बोटवाल्यांसमोर केलेलं भाषण. शब्दांकन करताना थोडं आवरतं घेतलं आहे.)

नमस्कार मंडळी. पंधरा-वीस दिवसांत पाऊस लागेल, वासोटा किल्ल्याची वाट बंद होईल आणि तुम्ही बोटी वर ओढून घ्याल. त्याआधी गाठ पडावी म्हणून आज आलो. पाऊस लागल्यावर हे बोलून उपयोग नव्हता.

मी साताऱ्यात तेवीस वर्षं बॅटरीचं काम करतोय. ट्रॅक्टर, इन्व्हर्टर, आता ई-रिक्षा. गेल्या तीन-चार वर्षांत तुमच्या भागातून लहान होड्यांच्या ट्रोलिंग मोटरच्या, म्हणजे होडी हळू सरकवणाऱ्या विजेच्या मोटरच्या, बॅटऱ्या यायला लागल्या. गळ टाकायला येणारे पाहुणे फिरवायला, जाळं बघायला कुणीकुणी या मोटरी बसवल्यात. आवाज नाही, धूर नाही, पाण्यावर तेलाचा तवंग नाही. पलीकडच्या काठाला अभयारण्य आहे, तिथे अशीच होडी शोभते. मला मनापासून वाटतं की या मोटरी इथे टिकाव्यात. पण त्यांच्या बॅटऱ्या माझ्याकडे येतात त्या नेमक्या दसरा-दिवाळीला. मे महिन्यापर्यंत छान चाललेली, मधे कुणी हातसुद्धा न लावलेली बॅटरी ऑक्टोबरात मोटरचा पाण्यातला पंखा फिरवत नाही. ‘वापरलीच नाही, मग बिघडली कशी?’ हा प्रश्न मी दरवर्षी ऐकतो.

हे टेबलावर ठेवलंय ते बघा. जवळ या, पण हात लावू नका, हे शिसं आहे. दोन वेगळ्या बॅटऱ्यांतल्या या प्लेटी. ही नीट चार्ज होत राहिलेल्या बॅटरीची: काळपट तपकिरी, ओल्या चॉकलेटसारखी. आणि ही दुसरी, पावसाळाभर तशीच पडून राहिलेली. हिच्यावर पांढरी साय धरलीय. नखाने खरवडली तर निघत नाही, खडबडीत लागते. या सायीला आम्ही सल्फेशन म्हणतो.

आत काय होतं ते सांगतो. एका प्लेटीवर शिशाचा ऑक्साइड, दुसरीवर सच्छिद्र शिसं आणि मधे पातळ गंधकाचं आम्ल. १८५९ साली गॅस्टन प्लांटे या फ्रेंच माणसाने ही बॅटरी केली. मोटर चालते तेव्हा आम्लातला गंधकाचा भाग दोन्ही प्लेटींवर जाऊन बसतो, त्याचं लेड सल्फेट होतं, आणि आम्ल पातळ होत जातं. चार्जिंग लावलं की तेच सल्फेट विरघळून परत आम्लात येतं. नुकतं बसलेलं सल्फेट बारीक असतं, पटकन सुटतं. पण तसंच ठेवलं की त्याचे खडे मोठे आणि टणक होतात, खडीसाखर धरते तसे. मग तुम्ही कितीही चार्जर लावा, ते सुटत नाहीत. तेवढी प्लेट कायमची गेली.

आता मे महिन्याचा शेवटचा दिवस आठवा. शेवटची फेरी झाली, पाहुणे गेले, बॅटरी निम्मी-अधिक उतरलेली. आभाळ भरून आलेलं, होडी ओढायची घाई. बॅटरी काढून पडवीत ठेवली, वर पोतं टाकलं आणि भातलावणीला लागलो. तिथून चार महिने. भरलेली बॅटरीसुद्धा नुसती ठेवली तर महिन्याला शंभरातले तीन ते पाच भाग आपोआप उतरते, जुनी असेल तर जास्त. निम्मी ठेवलेलीचं दिवाळीपर्यंत काय होणार, ते या प्लेटीवर दिसतंय.

म्हणून पहिलं काम, आणि आज एवढंच लक्षात ठेवलंत तरी माझं येणं वसूल झालं: शेवटच्या फेरीनंतर त्याच रात्री बॅटरी पूर्ण चार्जिंगला लावायची. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच रात्री. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीला १० अँपिअरचा चार्जर पुरतो. निम्मी उतरलेली असेल तर आठ-दहा तास लागतात, कारण शेवटचा भाग सावकाश भरतो. भरली की नाही ते चार्जरच्या दिव्यावर सोडू नका. सहाही सेलमधून, म्हणजे बॅटरीच्या सहाही कप्प्यांतून, सारखे बुडबुडे यायला लागले, आणि तासातासाने तीनदा घेतलेली ग्रॅव्हिटी, म्हणजे हायड्रोमीटरने मोजलेला आम्लाचा दाटपणा, हलली नाही, की भरली. मग वायरी काढून, वरचा भाग पुसून कोरडा करायचा. ओलसर धूळ आणि आम्लाचा थर दोन टर्मिनलच्या मधे राहिला तर त्यातूनही थोडा करंट वाहत राहतो. या भागात पावसात भिंतीसुद्धा पाझरतात, तिथे हे विसरून चालणार नाही.

दुसरं, पावसाळ्यात महिन्यातून एक रात्र चार्जिंग. तुम्ही म्हणाल, वीज कुठली? खरं आहे. याच शिवसागराच्या पाण्यावर कोयना वीजप्रकल्पाचे १९६० मेगावॉट उभे आहेत, तुमच्या वाडवडिलांची शेतं या पाण्याखाली आहेत, आणि आषाढात इथली वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. याचं वाईट मलाही वाटतं. म्हणून ठरावीक तारीख धरू नका. वीज आहे आणि महिना होत आलाय, की लावून टाका. ज्यांच्याकडे चाळीस-पन्नास वॉटचं सोलर पॅनेल आहे त्यांनी चार्ज कंट्रोलर मधे घालून ते जोडून ठेवावं. ढगाळ दिवसात पॅनेल अगदी थोडं देतं, पण आपोआप उतरणारं भरून काढायला तेवढं पुरतं.

चार्जिंग कुठे करायचं तेही सांगतो. चूल, देवघरातला दिवा, गॅसची शेगडी यांच्यापासून लांब, हवेशीर जागी. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात. हवेत त्याचं प्रमाण शंभरात चारच्या वर गेलं की एक ठिणगी बास. सहा वर्षांपूर्वी माझ्याच दुकानात घाईघाईत चार्जर चालू असतानाच मी चिमटा काढला. ठिणगी पडली आणि बॅटरीचं वरचं प्लास्टिक उडालं. चष्म्याच्या काचेवर आम्ल आलं, डोळा वाचला. तेव्हापासून आधी बटन बंद, मग चिमटा. आम्ल अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धूत राहायचं. टर्मिनलवरचा हिरवा-पांढरा फुलोरा खायच्या सोड्याच्या पाण्याने निघतो, फक्त झाकणं घट्ट असू देत, ते पाणी आत जाता कामा नये. मग कोरडं करून व्हॅसलीन.

पाण्याबद्दल फार गैरसमज आहेत. आत घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं नाही, पन्हळीचं पावसाचं नाही, बाटलीबंद पिण्याचं नाही. त्यातलं लोह आणि क्षार बॅटरीला आतून खातात. आणि ते घालायचं चार्जिंग झाल्यावर. चार्ज होताना पातळी वर येते, आधीच काठोकाठ भरलं तर आम्ल बाहेर येणार. प्लेटी उघड्या पडल्या असतील तर तेवढ्या बुडतील इतकंच आधी घाला. ग्रॅव्हिटी कमी आली म्हणून कुणी वरून आम्ल ओतू नका. गंधक कुठे गेलेला नाही, तो प्लेटीवर बसलाय, तो चार्जिंगने परत आणायचा असतो.

आता मोटरकडे येऊ. ही मोटर एकोणीसशे तीसच्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात निघाली, तळ्यावर हळूहळू होडी सरकवत गळ ओढण्यासाठी. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. तुमच्याकडे ज्या ५५ पौंड जोराच्या १२ व्होल्टच्या मोटरी आहेत त्या पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास ओढतात. बॅटरीवर १०० लिहिलंय म्हणून दोन तास चालेल, असा हिशोब सगळे करतात. पण तो १०० चा आकडा बहुतेक इन्व्हर्टर बॅटऱ्यांवर २० तासांचा असतो, म्हणजे ५ अँपिअरने २० तास. एकदम ५० ओढले तर त्यातले साठ-पासष्टच हाती लागतात. आणि बॅटरी टिकवायची तर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही. म्हणजे सुरक्षित वापर पाऊण तासाचासुद्धा नाही. उलट पाण्यात वेग निम्मा केला की लागणारी ताकद जवळजवळ आठव्या हिश्श्यावर येते. पाच वेगांच्या जुन्या पद्धतीच्या मोटरी कमी वेगात थोडी वीज उष्णतेत घालवतात, तरी फायदा मोठाच राहतो. दुपारचं वारं सुटलं की तुम्हाला परतीला जोर लागतो, हे मला माहीत आहे. म्हणून जाताना हळू जा.

निम्मं कसं ओळखायचं? मोटर बंद करून दोन-तीन तास गेल्यावर मीटर लावा. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ म्हणजे तुम्ही आधीच उशीर केलाय. चालू मोटरवर घेतलेलं रीडिंग कामाचं नाही.

वायरीकडे कुणी बघत नाही. बॅटरी मागे, मोटर पुढे, मधे चार मीटरची ६ चौरस मिलिमीटरची घरगुती वायर. जाऊन येऊन आठ मीटर. ५० अँपिअरला त्या वायरीतच एक व्होल्टच्या वर जातो. १६ ची घातली तर अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. आणि बॅटरीजवळच ६० अँपिअरचा ब्रेकर हवा, करंट फार वाढला की वीज तोडणारा. पंख्यात जाळं अडकलं की काय होतं ते तुम्ही पाहिलंय.

इथल्याच एका दादांच्या २४ व्होल्टच्या मोटरीची गोष्ट सांगतो. १२-१२ व्होल्टच्या, एकापुढे एक जोडलेल्या दोन बॅटऱ्या एकाच दिवशी घेतलेल्या, एक ठणठणीत, दुसरी एका हंगामात गेली. कंपनीला दोष देत आले होते. होडी बघायला मी इथे आलो. दिवा, भोंगा, पाहुण्यांच्या मोबाईलचं चार्जिंग, सगळ्याच्या १२ व्होल्टच्या वायरी त्या गेलेल्या एकाच बॅटरीवरून काढलेल्या. ती रोज जास्त उतरायची, चार्जिंग मात्र दोघींना सारखंच. एक उपाशी, एक तुडुंब. दिव्यांना वेगळी लहान बॅटरी ठेवा. आणि जोडीतली एक गेली तर, खर्च जिवावर आला तरी, दोन्ही बदला. जुनी नव्या बॅटरीलाही ओढते.

बदलायची वेळ आली का, हे दुकानदारावर सोडू नका. घरी तपासता येतं. जीपच्या हेडलाइटचा ५५-६० वॉटचा बल्ब साधारण ५ अँपिअर घेतो. पूर्ण भरलेल्या १०० च्या बॅटरीला तो सकाळी सहाला लावा, शेजारी मीटर ठेवा, आणि १०.५ व्होल्ट आले की लगेच काढा. नवी बॅटरी वीस तासांच्या जवळपास जाते. तुमची बारा तासांत थांबली तर ती साठ टक्क्यांवर आली. घरच्या दिव्यांना ती अजून चालेल, पाण्यावर नेऊ नका. ही तपासणी वर्षातून एकदाच, दिवाळीच्या आधी, आणि झाल्याबरोबर चार्जिंगला. ग्रॅव्हिटीही सहा सेलची वेगवेगळी लिहा. पाच सेल १२४० आणि एक ११८० दाखवत असेल तर तो सेल गेलाय.

नवी घेताना ट्रॅक्टरची घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी. तिच्या प्लेटी पातळ आणि पुष्कळ, इंजिन सुरू करायला दोन-चार सेकंद दणका द्यायला केलेल्या. रोज खोल उतरवली तर एक हंगामही काढत नाही. ट्युब्युलर, म्हणजे नळ्यांच्या प्लेटींची, टिकाऊ, पण दीडशेची उंच ट्युब्युलर पन्नास-साठ किलोची आणि अरुंद होडीत डोलणारी. ती घेतलीत तर होडीच्या मध्यावर, तळाशी, पट्ट्याने आवळून. सील केलेली एजीएम, म्हणजे काचतंतूंच्या गादीत आम्ल धरून ठेवणारी, सांडत नाही, पाणी मागत नाही, पण चार्जर तिच्यासाठीचाच हवा, जास्त व्होल्टेज दिलं तर ती सुकते आणि परत भरता येत नाही. उत्पादनाची तारीख वाचा. दुकानात वर्षभर पडलेली बॅटरी म्हणजे तुमच्या पडवीत पावसाळा काढलेलीच.

लिथियमबद्दल सगळे विचारतात. लिथियम फॉस्फेटची १०० ची बॅटरी बारा-तेरा किलोची, जास्त खोल उतरवली तरी चालते, महाग आहे पण वर्षं जास्त काढते. दोन गोष्टी मात्र उलट्या. शिशाची बॅटरी दमत दमत थांबते, लिथियममधलं नियंत्रण एकदम वीज तोडतं, भर पाण्यात. वल्हं होडीत हवंच. आणि पावसाळ्यात तिला भरून ठेवायचं नाही, निम्मी ठेवायची. एकाच घरात दोन्ही असतील तर खडूने वर लिहून ठेवा.

जुनी बॅटरी भंगारवाल्यापुढे फोडू देऊ नका, आम्ल काठावर ओतू देऊ नका. हे पाणी पुढे कराडला कृष्णेला मिळतं आणि सांगलीपर्यंत लोक ते पितात. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानातच द्या, वजनाचे पैसे बिलातून वजा करून घ्या.

आज ज्यांनी बॅटऱ्या आणल्यात त्या मागच्या खोलीत ठेवल्यात. रात्रभर चार्ज करून, खडबडीत रस्त्याने हिंदकळत आल्यात काही. झाकणं अजून उघडू नका, तासभर बसू देत. चहा घेऊ, मग हायड्रोमीटर घेऊन एकेक सेल बघू.