काहील, कागद आणि आबा

(दृश्य : गुऱ्हाळ, पहाट. उकळती काहील.)

फेस बघा. रसात भेंडीचं पाणी पडलंय, मळी वर येतेय, झाऱ्यानं ती काढून टाकायची. चुलवाणात चिपाडाचा जाळ. करवीर तालुक्यातल्या या गुऱ्हाळावर थर्मामीटर नाही. काहील उतरवायची ती पाक ११८ अंशांच्या आसपास पोचला की. घाई केली तर रवा बसत नाही, उशीर झाला तर गूळ करपतो.

ती वेळ सांगणारे हे गुळवे आबा, वय पंचाहत्तरीच्या पुढं. हात पाण्यात बुडवतात, पाकाचा थेंब उचलतात, पाण्यात गोळी वळतात आणि काहिलीच्या काठावर मारतात. "अजून न्हाई." पुन्हा गोळी. या वेळी टण्ण आवाज. "उतरा!" गडी धावतात, काहील वाफ्यात रिकामी होते.

(दृश्य : दवाखाना. टेबल, कागद, पेन.)

हेच आबा. समोरच्या ताई सांगतात, "आबा, हा खोका बघून तसाच काढा." चार रेघा होतात, पाचवी कुठं जोडायची ते कळत नाही. मग घड्याळ, अकरा वाजून दहा मिनिटं. गोल झकास जमतो, आकडे मात्र एका बाजूला दाटीनं बसतात. "आता शंभरातनं सात वजा करत जा." आबा विचारतात, "सात काय, पोरी? रुपये का किलो?"

ही 'मोका' चाचणी, आठवण आणि विचारशक्ती ढासळतेय का ते बघणारी, २००५ साली प्रसिद्ध झालेली. एकूण गुण ३०, २६ च्या खाली आलात की पुढची तपासणी. शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून मिळतो. शाळेची पायरीच न चढलेल्या माणसालाही तेवढाच, एक.

पेन धरणं, सपाट कागदावर खोली दाखवणं, नुसत्या आकड्यांशी खेळणं हे सगळं माणूस शाळेत शिकतो. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी निरक्षर माणसांना रेखाचित्रं दाखवली तेव्हा ती नावं सांगताना अडखळली. त्याच वस्तू हातात दिल्यावर साक्षरांच्या बरोबरीनं सांगितली.

(दृश्य : दसरा चौक. शाहू महाराजांचा पुतळा.)

कोल्हापुरात ही गोष्ट जास्त बोचते. याच संस्थानात राजर्षी शाहूंनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड. त्याआधी १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं उघडली. या चौकाभोवती त्यांच्या इमारती आजही उभ्या आहेत. महाराज १९२२ साली गेले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेल्या आबांच्या वाट्याला पाटी आली नाही, आली ती उसाची मोळी. थोरला भाऊ शाळेत गेला, धाकट्यानं गुऱ्हाळ धरलं. त्या वयाच्या बायकांना विचारा, शाळा कुणाच्या वाट्याला किती आली ते.

शिक्षणानं नुसते गुण वाढतात असं नाही. मेंदूची शिल्लकही वाढते, म्हणजे आजार आत सुरू झाला तरी माणूस जास्त काळ कामात टिकतो. पण शिल्लक फक्त वर्गातच जमते, असं कोण म्हणतं? हैदराबादला ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला. दोन भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, आणि कधीच शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. आबा सीमाभागातल्या गड्यांशी कानडीत बोलतात. चाचणीच्या कागदावर त्याला रकाना नाही.

आपल्या माणसांना समोर ठेवून केलेली चाचणी आहे, १९९५ सालची, हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांसाठी हिंदीत बांधलेली. 'डोळे मिटा' हे वाचायला लावण्याऐवजी तपासणारा स्वतः डोळे मिटतो, मी करतो तसं करा म्हणतो. वाक्य लिहायच्या जागी, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. असं काम मराठीत, आपल्या बोलीत, प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात पोचायला हवं.

नाहीतर धडधाकट माणसावर शिक्का बसतो आणि शिकलेल्याचा आजार चांगल्या गुणांखाली झाकून राहतो.

(दृश्य : आबांचा मुलगा, डॉक्टरांसमोर.)

म्हणून डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि मुलाला विचारलं, गेल्या वर्षी जमायचं आणि यंदा अडतंय, असं काही?

"काहिलीची येळ अजून आबाच सांगत्यात, चूक न्हाई. पर औंदा एका गड्याची मजुरी दोनदा दिली. आन् बाजारात गुळाचा भाव कळला, तर घरी येईस्तोवर इसरले."

डॉक्टरांनी ही दोन्ही वाक्यं केसपेपरवर उतरवून घेतली, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि सहा महिन्यांनी मुलासह पुन्हा यायला सांगितलं.