शनिवारचं परीक्षण, सोमवारचा शो

(दृश्य: कोथरूडमधलं एक मल्टिप्लेक्स. शनिवार, संध्याकाळचे सहा. तिकीट काउंटर.)

काउंटरवरच्या पडद्यावर शोच्या वेळा सरकतायत. साठी ओलांडलेलं एक जोडपं रांगेच्या जरा बाजूला उभं राहून ठरवतंय.

"अहो, पेपरात याला साडेतीन स्टार दिलेत."

"कोणी दिलेत?"

"नाव नाही बघितलं. पण वरच्या वहिनी काल बघून आल्या. म्हणाल्या, चुकवू नका."

"मग चल, काढतो तिकिटं."

तिकिटं निघाली. आता सांगा, ही दोन तिकिटं कोणी विकली? पेपरातल्या समीक्षकानं की वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी? चित्रपट परीक्षणांचा प्रेक्षकांवर परिणाम होतो का, हा वाद पुण्यात फार जुना आहे. कट्ट्यावर विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "छे, समीक्षकांचं कोण ऐकतंय!" तेच लोक रविवारी सकाळी चहाबरोबर पुरवणी उघडून आधी परीक्षणच वाचतात. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, ते आपण पाहणार आहोत.

(दृश्य: अप्पा बळवंत चौक, पुस्तकांच्या दुकानांची गर्दी. त्याला लागून जुनं थिएटर.)

१९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली. शहराला स्टुडिओ मिळाला, त्यापाठोपाठ या चौकाजवळ प्रभात थिएटर उभं राहिलं. आज त्याचं नाव किबे लक्ष्मी आहे. पेठांमधल्या कित्येक घरांत 'प्रभातला लागलाय' एवढं म्हटलं की मराठी चित्रपट आहे, हे वेगळं सांगावं लागत नसे. इंग्रजी चित्रपट बघायचा तर टिळक चौकात अलका होतं. चित्रपट एकदा लागला की आठवडेच्या आठवडे हलायचा नाही. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव.

हा काळ आठवायचा तो हळहळण्यासाठी नाही. परीक्षणाच्या दृष्टीनं त्यात एक फार मोठी सोय होती : वेळ. रविवारच्या अंकात परीक्षण यायचं. कोणी ते त्याच दिवशी वाचायचं, कोणी सोमवारी कचेरीत दुसऱ्याच्या हातून घेऊन. त्यावर चार दिवस बोलणं व्हायचं आणि पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या रविवारी घरचे सगळे निघायचे. तोवर चित्रपट तिथेच असायचा. समीक्षकाचा शब्द घरात शिरून, पटून, पायांत उतरेपर्यंत थिएटर वाट बघत असे.

त्याच काळात समीक्षकांना न जुमानणारा प्रेक्षकही होता. दादा कोंडके यांचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९७१ साली त्यांचा 'सोंगाड्या' आला आणि तिथून पुढे लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले. त्याची नोंद गिनीज बुकात झाली. द्व्यर्थी संवादांवर प्रतिष्ठित वर्तुळांत नाकं मुरडली जात होती आणि खिडकीवर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागत होती. दादांच्या प्रेक्षकाला परीक्षणाची गरज नव्हती, कारण पडद्यावर काय मिळणार, हे त्याला तिकीट काढण्याआधीच ठाऊक होतं. ही गोष्ट लक्षात ठेवू या, कारण पुढचा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे.

(दृश्य: वर्तमानपत्रातलं परीक्षण जवळून. बोट आधी खालच्या चौकटीकडे जातं.)

या प्रश्नाचा अमेरिकेत अभ्यास झाला आहे. १९९७ साली एलियाशबर्ग आणि शुगन या दोन संशोधकांनी परीक्षणं आणि गल्ला यांचे आकडे समोरासमोर ठेवले. परिणाम व्हायचा असेल तर तो पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त दिसायला हवा, कारण तेव्हा लोकांकडे परीक्षणाशिवाय दुसरी माहिती नसते. आढळलं उलटंच. सुरुवातीच्या आठवड्यांच्या गल्ल्याशी परीक्षणांचं नातं पुसट होतं. नंतरच्या आठवड्यांशी आणि एकूण कमाईशी ते घट्ट होतं. त्यांनी अर्थ काढला तो असा की, समीक्षक प्रेक्षकाला थिएटरात नेत नाही, प्रेक्षकाला काय आवडणार आहे, याचा अंदाज तो आधी बांधतो.

२००३ साली बसुरॉय, चटर्जी आणि राविद यांनी त्यात भर घातली. त्यांना दिसलं की, चांगल्या परीक्षणानं होणाऱ्या फायद्यापेक्षा वाईट परीक्षणानं होणारं नुकसान मोठं असतं, आणि तेही पहिल्याच आठवड्यात. शिवाय ज्या चित्रपटावर टीका झाली, त्याला मोठा नट आणि मोठं बजेट सावरून धरतं. ज्याचं कौतुक झालं, त्याला त्यांची फारशी गरज पडत नाही.

मला सर्वांत हुशारीचा वाटतो तो तिसरा अभ्यास, २००५ सालचा, राइनस्टाइन आणि स्नायडर यांचा. इथे एक जुनी अडचण आहे. चांगल्या चित्रपटाला चांगलं परीक्षण मिळतं आणि गर्दीही होते. मग गर्दी परीक्षणामुळे झाली की चित्रपट चांगला होता म्हणून, हे वेगळं कसं करायचं? त्यांनी सिस्केल आणि इबर्ट या, टीव्हीवरून परीक्षण करणाऱ्या, घराघरांत पोचलेल्या जोडीचा कार्यक्रम घेतला. या दोघांची काही परीक्षणं पहिल्या शनिवार-रविवारच्या आत प्रसारित व्हायची, काही त्यानंतर. उशिरा आलेलं कौतुक पहिल्या शनिवार-रविवारच्या गर्दीला कारण ठरूच शकत नाही. म्हणजे आधी आलेल्या आणि नंतर आलेल्या कौतुकातला फरक मोजला की परीक्षणाचा स्वतःचा परिणाम हाती येतो.

तो सगळ्या चित्रपटांचा मिळून बेताचाच निघाला. पण मोजक्या पडद्यांवर लागलेल्या चित्रपटांसाठी आणि गंभीर कथापटांसाठी तो चांगलाच मोठा होता.

दादा कोंडके यांच्या प्रेक्षकाची आठवण इथे ठेवा. ज्या चित्रपटात काय मिळणार, हे आधीच माहीत असतं, तिथे समीक्षकाला काम नसतं. सुपरस्टारचा सणासुदीचा चित्रपट गावभर पोस्टर लावून आलेला असतो, त्याचं आगाऊ बुकिंग गुरुवारी रात्रीच झालेलं असतं. ज्या चित्रपटाचं नावही कानावर पडलेलं नाही, तिथे मात्र कोणीतरी विश्वासाचं माणूस 'हा बघा' म्हणायला लागतं.

(दृश्य: लॉ कॉलेज रस्ता. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं फाटक, आत जाणारी तरुण मुलं, काही पांढऱ्या केसांची मंडळी.)

मराठीत अशा चित्रपटांना तोटा नाही. २००४ साली 'श्वास'ला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, 'श्यामची आई'नंतर अर्ध्या शतकानं. नावाजलेला तारा नाही, नाचगाणं नाही. आजोबा, नातू आणि एक आजार. असा चित्रपट लोकांपर्यंत पोचला तो पुरस्कारांच्या बातम्या, पेपरांतले लेख आणि त्यावरून घराघरांत झालेल्या बोलण्यातून. २०१५ साली 'कोर्ट' आला. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात आधीच गौरवलेला, मार्चमध्ये राष्ट्रीय पुरस्कार, एप्रिलमध्ये प्रदर्शन. नवखा दिग्दर्शक, लांबच लांब स्थिर दृश्यं. हा चित्रपट कसा बघायचा, हे समीक्षकांनी लिहिलं नसतं तर अनेकांनी थिएटरची पायरी चढली नसती, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि पुण्यात असं लिखाण वाचणारा वर्ग आपोआप तयार झालेला नाही. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ साली चित्रपट संग्रहालय आलं. सतीश बहादूर यांच्यासारख्या शिक्षकांनी चित्रपट रसास्वाद शिकवला. उन्हाळ्यात भरणाऱ्या त्या वर्गांना प्राध्यापक आले, डॉक्टर आले, बँकेतली माणसं आली. आशय फिल्म क्लबसारख्या संस्थांनी वर्षानुवर्षं जगभरचे चित्रपट दाखवले, २००२पासून 'पिफ', म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आहेच. या लोकांसाठी परीक्षण म्हणजे तिकीट काढायचं की नाही, याचा निकाल नव्हे. कित्येकजण तर ते चित्रपट बघून आल्यावर वाचतात. मध्यंतरापर्यंत जे खटकत होतं, ते नेमकं काय होतं, हे त्यांना दुसऱ्याच्या शब्दांत बघायचं असतं. समीक्षकाशी मनातल्या मनात भांडायचं असतं. गल्ल्याच्या आकड्यात हा परिणाम कधीच दिसणार नाही, पण पुढच्या वेळी तोच माणूस अनोळखी नावाच्या चित्रपटाला जायला धजावतो.

(दृश्य: मोबाईलचा पडदा. बुकिंगचं अॅप, चित्रपटाच्या नावाखाली दहापैकी गुण. मग कुटुंबाचा व्हॉट्सअॅप ग्रुप.)

आज रविवारपर्यंत थांबायला कोणाला सवड नाही. शुक्रवारी पहिला शो सुटतो आणि थिएटरच्या दारातच यूट्यूबवाले माईक घेऊन उभे असतात. अॅपवर हजारो प्रेक्षकांनी दिलेले गुण दिसतात. चौघांची तिकिटं, पार्किंग, पॉपकॉर्न धरलं तर हजार-बाराशे रुपये सहज जातात, म्हणून माणूस विचारून-सवरूनच निघतो. पण विचारतो कोणाला? २०२३ साली 'बाईपण भारी देवा'च्या वेळी बायकांच्या टोळ्याच्या टोळ्या थिएटरात आल्या. भिशीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर ठरवून, नऊवारी नेसून, गॉगल लावून. तिथे निर्णय मैत्रिणीचा होता.

पेड रिव्ह्यूबद्दल प्रेक्षक उघड बोलतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. ज्या स्टारमागे कारण लिहिलेलं नाही, त्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा? पोस्टरवर चार स्टार असतात, आणि ते देणाऱ्याचं नाव भिंगातून वाचावं लागतं. अशा वेळी वरच्या वहिनींचं वजन वाढणारच. त्यांची आवड आपल्याला वीस वर्षं माहीत आहे.

यावर उपाय म्हणून काहींनी परीक्षणांनाच कुलूप लावायचं सुचवलं. केरळ उच्च न्यायालयात २०२३ साली ठरवून केल्या जाणाऱ्या वाईट परीक्षणांचा प्रश्न गेला. न्यायालयाच्या मदतीला नेमलेल्या वकिलांच्या अहवालात पहिले ४८ तास परीक्षण करू नये, अशी सूचना होती. २०२४ साली तमिळ निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडे पहिले तीन दिवस परीक्षणांवर बंदी मागितली, ती न्यायालयानं दिली नाही.

निर्मात्यांची भीती मला कळते. पैसे घेऊन एखाद्याचा चित्रपट पाडणं हा गुन्हाच मानला पाहिजे. पण या ४८ तासांत मरणार कोण, ते बघा. मोठ्या चित्रपटाला ते चालून जातील, त्याचं बुकिंग आधीच झालेलं आहे. छोट्या मराठी चित्रपटाला शहरात मिळतात पाच-सहा शो, त्यातला एखादा सकाळी दहाचा, एखादा रात्री पावणेअकराचा. मराठीला प्राइम टाइम द्यायचा, हे २०१५ साली सरकारनं सांगून झालं. त्यावर रणकंदन झालं आणि 'प्राइम टाइम' म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ, असं ठरलं. दुपारी बाराला, मंगळवारी, नोकरी करणारा माणूस जाणार कसा?

(दृश्य: थिएटर मॅनेजरची खोली. टेबलावर आठवड्याच्या शोचा तक्ता, खोडरबर, पेन्सिल.)

हा तक्ता नीट बघा. शुक्रवार ते गुरुवार, सात रकाने. सोमवारच्या रकान्यात दोन नावं पेन्सिलीनं लिहिलेली आहेत. रविवारी रात्री आकडे येतात. खुर्च्या भरल्या असतील तर नाव राहतं. नसतील तर खोडून शेजारच्या हिंदी चित्रपटाचा शो वाढवला जातो. थिएटरवाल्याचा यात दुष्टपणा नाही, त्याला वीजबिल भरायचं असतं. पण शनिवारच्या पेपरात आलेलं एखादं मनापासून लिहिलेलं परीक्षण तुम्ही कापून ठेवलंत, 'पुढच्या रविवारी जाऊ' म्हणालात, तर पुढच्या रविवारी तो चित्रपट पुण्यात लागलेलाच नसतो. त्या परीक्षणाचा तुमच्यावर परिणाम पूर्ण झालेला असतो. फक्त तिकीट विकायला खिडकीवर काही उरलेलं नसतं.

समीक्षकांनी छोट्या चित्रपटाबद्दल शुक्रवारीच लिहावं, आणि स्टारपेक्षा तो कोणाला आवडेल, हे सांगावं. आणि ते वाचून जायचं मनात आलं तर शनिवारी किंवा रविवारीच जा. सोमवारचा तक्ता त्या दोन दिवसांवर ठरतो.