जोत्यापाशी अडलेलं घर

नमस्कार, श्रोतेहो.

गरिबाचं घर उभं करायचं म्हटलं की मदत मिळते, हा जत तालुक्यातला माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. कुणी पत्रे देतं, कुणी दार देतं, कुणी रंगाचे डबे आणून ठेवतं. आईवडिलांच्या स्मरणार्थ दारावर पाटी लावायची असते. लावावी, त्यात वावगं काही नाही. पण घराच्या पायात भरायला मुरमाच्या चार ट्रॉल्या टाकतो, असं म्हणणारा माणूस फार क्वचित भेटतो. आज मी तुमच्याकडे मुरूमच मागायला आलोय.

पंतप्रधान आवास योजना २०१६ पासून ग्रामीण भागात सुरू आहे. सपाट भागात घरकुलाला १ लाख २० हजार मिळतात, डोंगरी भागात १ लाख ३० हजार. रोजगार हमीतून आपल्याच घरावरच्या कामाची नव्वद दिवसांची मजुरी मिळते, शौचालयाचे १२ हजार वेगळे. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फुटांचं हवं. पण ही रक्कम एकदम हातात येत नाही. पहिला हप्ता १५ हजारांचा, आणि काम वर आलेलं दिसल्याशिवाय पुढचा सुटत नाही. ज्याच्या गाठीला काहीच नाही त्याचं घर इथंच, जोत्यापाशी, म्हणजे ज्याच्यावर भिंती चढतात त्या पायावरच्या ओट्यापाशी अडतं.

त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला तर दोन पावसाळ्यांत भिंतीला तडा गेलाच समजा. खाली मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. तेवढं १५ हजारांत कसं बसणार?

गेल्या वर्षीचं एक घर सांगतो. नवराबायको दोघंही ऊसतोडीला जाणारी. दिवाळी झाली की कोयता घेऊन जायचं आणि कारखाना बंद झाल्यावर परत यायचं. घरकुल मंजूर झालं, पहिला हप्ता खात्यावर आला आणि त्याच महिन्यात पोरगी आजारी पडली. पैसे दवाखान्यात गेले. गावात बोललं गेलं, हप्ता खाल्ला म्हणून. मला ते ऐकून फार वाईट वाटलं. घर कुणाला नको असतं हो? ज्या छपरात ती दोघं राहत होती, तिथं पावसाच्या रात्री पोरांना मांडीवर घेऊन बसावं लागायचं, कारण खालून पाणी यायचं.

आम्ही पाचसहा जणांनी ठरवलं, यांचं फक्त जोतं उचलून द्यायचं. बाकी ते बघून घेतील. अक्षय तृतीयेला गवंड्यानं फक्की मारली, म्हणजे चुन्याच्या भुकटीनं जमिनीवर घराची आखणी केली. दार रस्त्याच्या बाजूला धरलं होतं, दिसायलाही ते बरं होतं. बाई पुढं आल्या आणि म्हणाल्या, "दादा, दार हिकडं करा. शेरडांवर नजर ऱ्हायली पायजे." आम्ही फक्की पुसली, पुन्हा मारली. ज्याला तिथं राहायचंय त्याला आधी विचारायला हवं होतं, ते आमच्याकडून राहून गेलं होतं.

चार फुटांवर मुरूम लागला. पाया बांधून झाला, मग जोत्यात भर. वीतभर थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं चोपायचं, मग वरचा थर. पैऱ्यानं, म्हणजे आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे अशा रीतीनं, शेजारची माणसं आली. भांगलणीला जातात तशीच आली, कुणाला बोलवावं लागलं नाही. बाई स्वतः धुमस घेऊन सकाळपासून उभ्या होत्या.

आमचा गवंडी एका गोष्टीवर हटून बसला. जोत्यावर चारी बाजूंनी सळईचा काँक्रीट पट्टा, आणि तसाच दुसरा दारं-खिडक्यांच्या डोक्यावर. त्याचे वडील कोयना खोऱ्यातल्या पाटणकडचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा दगड-मातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे १८० माणसं गेली. भिंती जाड होत्या, पण एकीला दुसरीचा आधार नव्हता. पट्टा त्यासाठी. खर्च थोडा वाढतो, पण तिथं हात आखडू नका.

पट्टा झाला आणि नवा प्रश्न आला, पाण्याचा. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी हवं आणि मे महिन्यात गावाला टँकर. शेजारच्या एका शेतकऱ्यानं रोज संध्याकाळी आपल्या बोअरवरून अर्धा तास पाइप सोडला. त्याची स्वतःची डाळिंबं तहानलेली होती, श्रोतेहो.

जोतं वर आलं, फोटो गेला, पुढचा हप्ता पडला. भिंती त्यांनी त्यांच्या पैशानं आणि मजुरीनं चढवल्या. आमचा खर्च पुऱ्या घराच्या मानानं फारच थोडा होता.

जागा नसलेल्यांची अडचण याच्याही आधीची. त्यांना जागा घ्यायला सरकारी अर्थसाहाय्य आहे, पण अर्ज, उतारा, मोजणी यात माणूस दमून जातो. तुम्ही शिक्षक असाल, निवृत्त तलाठी असाल, तर त्यांच्याबरोबर दोन हेलपाटे घाला. घर नवराबायको दोघांच्या नावावर लागेल, एवढं तेव्हाच बघा.

आता कारखाने बंद आहेत. ट्रॅक्टर-ट्रॉल्या दारात उभ्या आहेत, ऊसतोडीची माणसं गावात परतलीत. उद्या ग्रामपंचायतीत जाऊन एवढंच विचारा, कुणाचं जोतं राहिलंय? मृगाला अजून पाच आठवडे आहेत.

नमस्कार.