गर्भाशयमुखाचा कर्करोग : धाराशिवच्या गावांनी दिलेले उत्तर

श्रोतेहो, स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कर्करोगांवर बोलायचे तर एका संध्याकाळी सगळे सांगून होणार नाही. बीजकोशाचा कर्करोग लवकर ओळखणारी भरवशाची चाळणी चाचणी अजून जगात कोणाच्याही हाती लागलेली नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बहुतेक वेळा पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावाने आपली जाणीव लवकर करून देतो. मी आज बोलणार आहे ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल. तो टाळता येतो, पूर्वावस्थेत पकडता येतो आणि वेळेत आला तर बराही करता येतो. तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना तो झाला आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. हा विषय निवडण्याचे दुसरेही एक कारण आहे. या रोगाबद्दलच्या काही मोठ्या प्रश्नांची उत्तरे जगाला आपल्या मराठवाड्यातील गावांतून, मुंबईच्या वस्त्यांतून आणि परळच्या टाटा रुग्णालयातून मिळाली आहेत, आणि ज्या बायकांमुळे ती मिळाली त्यांच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही.

हा कर्करोग मानवी पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गामुळे होतो. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार कर्करोगाच्या गाठीत दाखवून दिला आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा संसर्ग अतिशय सर्वसाधारण आहे. वैवाहिक आयुष्यात केव्हातरी तो बहुतेक स्त्रियांना होतो आणि बहुतेकींचे शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला हाकलून लावते. त्यामुळे ज्या बाईला हा रोग झाला तिच्या चारित्र्याची चर्चा घरात सुरू होते, ती अत्यंत अन्यायाची आहे, हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगते आणि आजही सांगते. थोड्या स्त्रियांमध्ये विषाणू मुक्काम ठोकतो, पेशी हळूहळू बिघडू लागतात, आणि त्या बिघाडापासून खऱ्या कर्करोगापर्यंत पोहोचायला साधारण दहा-पंधरा वर्षे लागतात. ही मधली वर्षे म्हणजे आपल्याला मिळालेली मुदत आहे. पुढचे सगळे संशोधन ही मुदत कशी वापरावी याभोवती फिरते.

पाश्चात्त्य देशांनी ती पॅप तपासणीने वापरली. गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून काचपट्टीवर घ्यायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. तपासणी चांगली आहे, पण तिला प्रशिक्षित डोळे लागतात, प्रयोगशाळा लागते, दर काही वर्षांनी बाईला पुन्हा बोलवावे लागते, आणि निकाल येईपर्यंत ती आपल्या शेतावर परतलेली असते. मग आपल्याकडे काय चालेल? हा प्रश्न ज्यांनी गंभीरपणे घेतला त्यांत बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय होते. तिथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव जाऊन कोणाला कर्करोग झाला, कोण त्यातून वाचले आणि कोण गेले याची वही ठेवणे हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण पुढचे सारे त्या वहीवर उभे राहिले.

१९९९ च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यात एक अभ्यास सुरू झाला. बार्शीचे रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला, डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन त्याचे प्रमुख होते. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. एका भागातील स्त्रियांची एचपीव्ही तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखावरून घेतलेल्या नमुन्यात तो विषाणू आहे का हे यंत्राने पाहणे, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगरची तपासणी, आणि चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. ज्या भागात तपासणी होती तिथेही ती आयुष्यात एकदाच करायची आणि पुढे आठ वर्षे वाट पाहायची.

व्हिनेगरची तपासणी कशी असते ते सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की ते काही घरगुती औषध आहे. बाईला टेबलावर झोपवून प्रखर दिव्याच्या उजेडात गर्भाशयमुख दिसेल असे करतात आणि सौम्य ॲसिटिक आम्लात भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर लावतात. एक मिनिट थांबायचे. निरोगी पृष्ठभाग गुलाबीच राहतो. जिथे पेशी बिघडलेल्या असतात तिथे कडा स्पष्ट असलेला दाट पांढरा डाग उमटतो. तो नर्स पाहू शकते, निकाल जागच्या जागी कळतो आणि छोटा डाग असेल तर अतिशीत किंवा उष्ण उपकरणाने तेवढाच भाग नष्ट करता येतो. गर्भपिशवी काढण्याची गरज नसते.

आठ वर्षांनंतरचे आकडे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४ स्त्रिया या कर्करोगाने मृत्यू पावल्या आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे होते. पुढच्या टप्प्यातले कर्करोग एका गटात ३९, दुसऱ्यात ८२. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही. ज्यांची एचपीव्ही तपासणी निर्दोष आली त्यांना पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण अन्य दोन चाचण्यांत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांच्या सुमारे पाव होते. एचपीव्ही तपासणीला प्राधान्य देण्याची दिशा पुढे जगभर मान्य झाली, तिच्या पायात या गावांतील बायकांचा वाटा मोठा आहे.

मग व्हिनेगरची तपासणी निरुपयोगी ठरली का? इथे थोडे थांबले पाहिजे, कारण याच प्रश्नावर पुष्कळ गैरसमज होतात. मुंबईत १९९८ पासून टाटा रुग्णालयाने डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली वस्त्यांमध्ये दुसरा अभ्यास चालवला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. तपासणी करणाऱ्या आरोग्यसेविका दहावी झालेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या होत्या. इथे तपासणी एकदा करून थांबले नाहीत; दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या, आणि मृत्यूंत ३१ टक्के घट झाली. तामिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात तर एकाच फेरीने घट दिसली होती. माझा अर्थ असा : ही तपासणी करणाऱ्याच्या डोळ्यांवर, सरावावर आणि पुनरावृत्तीवर जगते. एचपीव्हीचे यंत्र थकत नाही, बाईचा डोळा थकतो. पण यंत्र जिथे नाही तिथे तो डोळा तयार करणे शक्य आहे हे मुंबईने दाखवले.

या अभ्यासांवर एक आक्षेप घेतला गेला आणि तो मी टाळणार नाही. तपासणी उपयोगी आहे हे माहीत असताना हजारो स्त्रियांना तुलनेसाठी तपासणीविना का ठेवले? अभ्यासकांचे म्हणणे असे होते की देशात संघटित तपासणी कुठेच नव्हती, त्यामुळे या स्त्रियांना मिळाली ती तेव्हाची प्रचलित सेवाच होती. ते खरे आहे. तरीही तुलना गटातील ६४ मृत्यू वाचताना माझा हात थांबतो. त्या स्त्रियांचे आपण देणे लागतो, आणि ते देणे मिळालेले उत्तर वापरूनच फेडता येईल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी फक्त १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाल्याचे सांगितले.

एचपीव्हीविरुद्धच्या लसीची हकिगतही थोडक्यात सांगते. २००९ मध्ये बार्शी आणि पुण्यासह देशातील काही केंद्रांवर १० ते १८ वयाच्या मुलींना दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे पाहण्यासाठी अभ्यास सुरू झाला. लसीकरणाच्या एका वेगळ्या प्रकल्पावरून वाद उठल्यामुळे सरकारने एप्रिल २०१० मध्ये हे सगळेच लसीकरण थांबवले. सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. अभ्यासकांनी त्यांना सोडले नाही, वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा केला. आणि २०२१ मध्ये दिसून आले की विषाणूच्या १६ व १८ या प्रकारांच्या टिकाऊ संसर्गापासून एका मात्रेने मिळणारे संरक्षण दोन-तीन मात्रांइतकेच, ९५ टक्क्यांच्या घरात आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागे जे पुरावे होते त्यांत हाही होता.

आता उपचारांकडे येते, कारण मी स्वतः रेडिओथेरपीची, म्हणजे किरणोपचाराची, डॉक्टर आहे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका पुढच्या टप्प्यात येतात. पाळी जाऊन सहा वर्षे झालेली बाई सांगते, “बाई, मला वाटलं पाळीच परत सुरू झाली.” अंगावरून पांढरे जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, कंबर दुखणे यांत महिने जातात.

अशा स्त्रियांसाठी किरणोपचारासोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध द्यावे, असे पाश्चात्त्य अभ्यासांवरून १९९९ मध्ये ठरले. पण ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोहोचलेल्या रोगात, रक्त कमी असलेल्या, कुपोषित स्त्रीला ते झेपेल का आणि उपयोगी पडेल का, याबद्दल खात्री नव्हती. टाटा रुग्णालयाने अशाच ८५० स्त्रियांवर हा प्रश्न तपासला. पाच वर्षांनी नुसत्या किरणोपचाराच्या गटात ४६ टक्के स्त्रिया हयात होत्या, सिस्प्लॅटिन दिलेल्या गटात ५४ टक्के. शंभरांमागे आठ बायका. त्याच रुग्णालयातील दुसऱ्या अभ्यासाने विचारले की आधी केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया केली तर किरणोपचार वाचतील का? ६३३ स्त्रियांचे उत्तर ‘नाही’ असे आले : पाच वर्षे रोगाविना असणाऱ्या स्त्रिया शस्त्रक्रियेच्या गटात ६९.३ टक्के, तर किरणोपचार आणि केमोच्या गटात ७६.७ टक्के होत्या. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागलाच तर प्रतिमांच्या मार्गदर्शनाने अचूक दिल्यास आतड्यांचा दीर्घकालीन त्रास निम्म्यावर येतो, हेही तिथल्याच अभ्यासाने दाखवले. ज्या बाईला वाचल्यानंतर वीस वर्षे जगायचे आहे तिला दिवसातून सात वेळा शौचाला पळावे लागू नये, ही गोष्ट मला जगण्याच्या टक्क्यांइतकीच मोलाची वाटते.

या सगळ्या आकड्यांना एक अट आहे : उपचार आठ आठवड्यांच्या आत पुरा झाला पाहिजे. पाच आठवडे बाहेरून किरणांचा शेक, मग गर्भाशयमुखाशी नळी ठेवून आतून शेक, ज्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. आतला शेक गाठीच्या गाभ्यावर पडतो. तो चुकला तर बाहेरच्याने ती उणीव भरून निघत नाही. आणि नेमका चौथ्या आठवड्यात रक्तस्राव थांबतो. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एक मावशी मला म्हणाल्या, “आता बरं वाटतंय, सोयाबीन काढायला आलंय, दिवाळीनंतर येते उरलेलं करायला.” मी समजावले, आमच्या समाजसेविकेने त्यांच्या मुलाला फोन केला, धर्मशाळेतली खोली आणखी तीन आठवडे मिळवली. तरी त्या गेल्या. पाचव्या दिवशी परत आल्या त्या थोरल्या सुनेला घेऊन. सोयाबीन मुलाने काढायचे ठरले होते. आतला शेक ठरलेल्या मुदतीत झाला. सून पस्तीस वर्षांची, दोन मुलांची आई. तिची कधीच तपासणी झालेली नव्हती. सासूबाई आत टेबलावर असताना बाहेर बसून तिने परिचारिकेला विचारले की ती एचपीव्हीची तपासणी इथेच होते का, आणि त्याच दुपारी आम्ही तिचा नमुना घेतला.